औट्रम घाटातला औट्रम सापडला!

चाळीसगावहून कन्नडला जाताना लागणारा औट्रम घाट, जिथे एकेकाळी ट्रकांची रांग लागली की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजावं लागायचं, त्या घाटाच्या नावातला औट्रम आणि सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त रिचर्ड ॲटनबरोने उभा केलेला लखनौचा रेसिडेंट औट्रम, हा एकच माणूस! हे कळल्यापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलेय. इतकी वर्षं हे नाव तोंडात होतं आणि हा कोण, असा प्रश्न एकदाही पडला नाही!

मी तिथवर पोचले चीनमार्गे. जुन्या चिनी रंगमंचाला मागे दोन दारं असत. एकातून नट यायचे, दुसऱ्यातून जायचे. एका दारावर लिहिलेलं ‘छू ज्यांग’, दुसऱ्यावर ‘रू श्यांग’: बाहेर पडला तर सेनापती, आत आला तर प्रधान. तांग सम्राट ताइझोंगच्या दरबारात वांग ग्वी या मंत्र्याने सहकारी ली जिंगची थोरवी याच शब्दांत सांगितली होती. ली जिंगने ६३० मध्ये पूर्वेकडच्या तुर्कांचा पाडाव केला आणि त्याच वर्षी तो प्रधानपदी बसला. रणांगण आणि कचेरी, दोन्ही एकाच माणसाने गाजवायची!

असं आपल्याकडे कोण? मन आधी रायगडाकडे धावलं, मग मलिक अंबरकडे. निजामशाहीची फौज त्याच्याच हाती आणि जमीनमहसुलाची घडीही त्याचीच. पण आमच्या खानदेशात कोण?

तिथे गाठ पडली जेम्स औट्रमची. १८२५ साली तो खानदेशात आला तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होता. १८१८ पासून कंपनी सरकार डोंगरातल्या भिल्लांवर तुकड्यांमागून तुकड्या धाडत होतं. शिपाई तापाने मरत होते आणि भिल्ल काही हाती लागत नव्हते. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने ठरवलं, आता त्यांचीच पलटण उभी करायची. आणि काम दिलं या पोराला!

औट्रमने आधी छापा घातलाच. पण लोक हाती आल्यावर त्यांच्याच मार्फत त्याने रानात निरोप धाडले, आणि मग स्वतः त्यांच्यात जाऊन बसला. त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांच्या पहाऱ्यात झोपला. मूठभर माणसं तयार झाली तेव्हा त्यांना मालेगावच्या छावणीत नेलं. पुढचा तपशील वाचताना मी खुर्चीतून उठलेच. तिथल्या पलटणीतल्या शिपायांनी या नव्या भिल्ल रंगरुटांना हिणवलं नाही. शेजारी बसवून घेतलं, जेवू घातलं, बरोबरीने बोलले. १८२५-२६ चा काळ, शिपायांत उच्च जातीचे कितीतरी, आणि तरीही हे घडलं! मला वाटतं, ही भिल्लांची पलटण, म्हणजे भिल्ल कोअर, खरी उभी राहिली ती तिथे. मग धरणगाव तिचं ठाणं झालं. आपलं धरणगाव! दहा वर्षं औट्रम याच मुलखात होता. पुढे सिंध, अवध, इराणची मोहीम, लखनौ: कधी तलवार, कधी दप्तर. लखनौच्या वाटेवर तर त्याने स्वतःचा सेनापतीचा हक्क बाजूला ठेवला, हाताखालच्या हॅवलॉकला पुढे केलं आणि स्वतः साधा स्वयंसैनिक म्हणून लढला.

आणि धुळ्याचं काय? तिथे कॅप्टन जॉन ब्रिग्ज! हाही फौजेतलाच. त्याने जिल्ह्याचं ठाणं म्हणून पांझरेकाठचं धुळं निवडलं. १८१९ साली गावात ४०१ घरं आणि २,५०९ माणसं. त्याने लांबलांबून कारागीर आणले, कचेऱ्या बांधल्या, व्यापाऱ्यांना घरासाठी बिनभाड्याची जागा दिली, वर उचलही दिली. धुळेकर आजही ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर सहा’ असा पत्ता सांगतो, तेव्हा मला त्या आखीव नव्या पेठेत फिरणारा कॅप्टन दिसायला लागतो. याच ब्रिग्जचं फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये चार खंडांत छापून आलं. तलवार, महसूल आणि फारसी!

हे सगळं परक्या राज्यासाठी चाललं होतं, हे मी विसरत नाही. ज्या डोंगरांत औट्रमने माणसं जोडली, तिथली जंगलं आणि घाटवाटा भिल्लांच्या हातून गेल्याच. सेंधव्याच्या रस्त्याची राखण करणारा, इंग्रजांच्याच नोकरीतला खाज्या नाईक १८५७ मध्ये उठला आणि ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला मोठी लढाई झाली. औट्रमवर कागद पुष्कळ आहेत. त्या पहिल्या मूठभर भिल्लांना मालेगावच्या छावणीत काय वाटलं असेल, ते मात्र मला त्यांच्याच घरच्यांकडून ऐकायचंय. धरणगावाकडे, सातमाळ्याच्या पायथ्याला कुणाकडे भिल्ल कोअरमधल्या खापरपणजोबांची गोष्ट चालत आली असेल, तर सांगा. मी वही घेऊन येते!