डिरेक्टरी रिकामी होईना

हिंजवडीतल्या ज्या कंपनीत मी सिस्टिम अॅडमिन आहे, तिथे मोटारींच्या सुट्या भागांच्या चाचण्या कॉम्प्युटरवर होतात. निकालांच्या फायली अवाढव्य असतात. सामायिक स्टोरेज सारखं भरत येतं आणि संपलेल्या प्रकल्पांच्या डिरेक्टऱ्या काढून टाकाव्या लागतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका डिरेक्टरीवर 'आरएम -आरएफ' चालवलं. बाकी सगळं गेलं, पण शेवटी ओळ उमटली : 'डिरेक्टरी नॉट एम्प्टी'.

साध्या 'एलएस'ला आत काहीच दिसेना. 'एलएस -ए' केल्यावर एक फाइल सापडली. नावाच्या सुरुवातीला टिंब, पुढे 'एनएफएस' आणि मग आकडे-अक्षरांची लांबलचक रांग. ती डिलीट करायला गेले, तर उत्तर आलं : 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'.

शेजारचा नवा सहकारी म्हणाला, "मॅडम, स्टोरेज सर्व्हरवर जाऊन सरळ उडवू का?"

"थांब. आधी ती कोणी धरून ठेवलीय ते बघू."

युनिक्समध्ये फाइल वेगळी आणि तिचं नाव वेगळं. डिरेक्टरी म्हणजे नावं आणि त्यांचे आयनोड क्रमांक यांची यादी. डिलीट केलं की यादीतलं नाव जातं. पण एखाद्या प्रोग्रामने फाइल उघडलेली असेल, तर तो ती बंद करेपर्यंत आतला मजकूर शाबूत राहतो. फाइल काढूनही कधी कधी 'डीएफ'मध्ये जागा मोकळी दिसत नाही, ती यामुळेच. सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये आणलेल्या एनएफएसच्या जुन्या आवृत्त्यांत कोणी काय उघडलंय याची नोंद सर्व्हर ठेवत नाही. ती काळजी आपल्या मशीनवरचा क्लायंट घेतो. उघडी फाइल डिलीट करायला सांगितली, की तो तिचं फक्त नाव बदलतो. आमच्यासमोर होती ती तीच फाइल.

'एलएसओएफ' चालवल्यावर फाइल उघडून बसलेल्या स्क्रिप्टचा प्रोसेस आयडी मिळाला आणि युजरचं नावही. त्या इंजिनिअरला फोन लावला.

"ती स्क्रिप्ट अजून चालू आहे? अहो, तिच्या लॉगमध्ये तुलनेचे आकडे आहेत, मला अहवालात लागणार आहेत!"

त्या विचित्र नावाच्या फाइलची त्याच्या होम डिरेक्टरीत कॉपी केली. सगळे आकडे जागच्या जागी होते. त्याने स्क्रिप्ट थांबवली, तशी फाइल आपोआप गेली आणि 'आरएमडिर' विनातक्रार चाललं. सर्व्हरवरून उडवली असती, तर स्क्रिप्टच्या हाती 'स्टेल फाइल हँडल' आलं असतं आणि आकडे कायमचे गेले असते.

डिरेक्टरी जात नसेल, तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी एरर शब्दन् शब्द वाचायची. मग लपलेल्या फायली बघायच्या, आत काही माउंट केलेलं आहे का ते तपासायचं. परवानगी पाहायची ती वरच्या डिरेक्टरीची, कारण नाव तिच्या यादीतून काढायचं असतं. एक्स्ट4 असेल तर 'एलएसएटीटीआर'ने फाइल काढू न देणारी 'आय' खूण लागलीय का बघायचं. फाइल सिस्टिमच रीड-ओन्ली झाली असेल, तर 'डीमेसेज' वाचायचं आणि डिस्क अनमाउंट केल्याशिवाय 'एफएसचेक'ला हात लावायचा नाही.

'आरएम'ने गेलेलं परत आणायला कचरापेटी नसते. म्हणून सिस्टिम अडून बसते तेव्हा तिच्यावर जोर करू नये, ती कोणासाठी अडली आहे ते शोधावं. आमच्याकडे आता जुना प्रकल्प काढण्याआधी 'एलएसओएफ' चालवून फाइल उघडी ठेवणाऱ्या युजरला विचारायचं, हा नियमच झाला आहे. तो लिहून काढला त्या नव्या सहकाऱ्यानेच.