मध्यरात्रीचे टपाल : शिकागो आणि सोनेगाव

विदर्भातून शिकागोत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथील नैऋत्य भागातला मिडवे विमानतळ ओळखीचा वाटावा, कारण नागपुरातील प्रताप नगर, खामला या वस्त्यांना सोनेगाव विमानतळावरच्या विमानांचा आवाज जसा अंगवळणी पडला आहे, तसाच तेथे कुंपणापर्यंत भिडलेल्या बैठ्या विटांच्या घरांनाही तो पडला आहे. हा शिकागोचा ‘म्युनिसिपल’ विमानतळ, म्हणजे शहराच्या प्रशासनाने स्वतः उभारून चालवलेला तळ. शहराच्या शालेय मंडळाच्या मालकीची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन उभारलेल्या या तळाचे उद्घाटन 12 डिसेंबर 1927 रोजी झाले. त्याच्या वाढीमागे प्रवाशांपेक्षा टपालाचा रेटा आधी होता. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणाऱ्या हवाई टपालाचे शिकागो हे मधले ठाणे होते, आणि 1924 च्या जुलैपासून शिकागो ते शायेन या टप्प्यावर जमिनीवरील दीपस्तंभांच्या उजेडात टपालविमाने नियमितपणे रात्रीही उडू लागली होती.

सोनेगावचा तळ मात्र नगरपालिकेचा नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश हवाई दलासाठी तयार झालेली ही धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातही लष्करी वापरात राहिली आणि त्यानंतर नागरी कारभाराकडे आली. तिचे खरे कर्तृत्व दिसले ते 1949 च्या जानेवारीत, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाल्यावर. त्या वेळी रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री होते. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि मोजक्या प्रवाशांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान इतर तिन्ही शहरांचे टपाल घेऊन पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परते. चार शहरांना परस्परांशी थेट जोडायचे तर सहा मार्ग लागले असते. येथे चारांत भागले. सर्व शाखा एका मध्यवर्ती ठाण्यावर जुळवण्याची हीच रचना पुढे 1973 मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथून फेडरल एक्सप्रेसने पार्सलांसाठी वापरली आणि ती जगभर अभ्यासली गेली. नागपूरच्या वाट्याला तेवढी कीर्ती आली नाही, हे खेदजनक आहे.

याच 1949 सालात शिकागोच्या तळाला 1942 मधील मिडवेच्या नौदल लढाईचे नाव देण्यात आले, आणि आज त्या लढाईत वापरल्या गेलेल्या प्रकारचे एक बॉम्बफेकी विमान तेथील टर्मिनलमध्ये टांगलेले आहे. सोनेगावच्या विमानतळाला 2005 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले, ते सर्वस्वी उचित होते. रात्रीची टपालसेवा मात्र 1973 मध्येच थांबली. त्या काळी धावपट्टीवर, टपालखात्यात किंवा विमानांच्या देखभालीवर काम केलेली माणसे आज अतिशय वृद्ध आहेत. प्रताप नगर, सोनेगाव, जयताळा परिसरातील आणि परदेशी गेलेल्या नागपूरकरांनी आपल्या घरातील अशा व्यक्तींच्या आठवणी, छायाचित्रे आणि त्या काळचे शिक्के असलेली पाकिटे यांची नोंद आताच करून ठेवावी.