पत्ता नसलेली रॅम

३२-बिट विंडोज एक्सपीच्या जमान्यात गिऱ्हाइकासमोर चार जीबी रॅम बसवली, की मला 'माय कॉम्प्युटर'ची प्रॉपर्टीज उघडायची धास्ती वाटायची. तिथे ३.२५ जीबी दिसायचं आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न यायचा, "पाऊण जीबी कुठे मारलीत?"

रॅम जागेवरच असायची. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात, म्हणजे बरोबर चार जीबी. पण हे पत्ते एकट्या रॅमच्या मालकीचे नसतात. ग्राफिक्स कार्ड, लॅन, साउंड, बायोस यांच्याशीही प्रोसेसर याच पत्त्यांवरून बोलतो, आणि ही मंडळी वरच्या टोकाला आधीच ठाण मांडून बसलेली. त्यांच्या वाट्याच्या पत्त्यांमागे दबलेली रॅम वीज खाते, पण तिला हाक मारायची सोय नसते. गेमिंगचं तगडं कार्ड लावलं, की आकडा तीनच्याही खाली यायचा.

खरी गोम पुढेच आहे. १९९५च्या पेंटियम प्रोला ३६ बिटांचे पत्ते, म्हणजे ६४ जीबी, झेपत होते. विंडोज सर्व्हर २००३ची ३२-बिट एंटरप्राइझ आवृत्तीही चार जीबीच्या पलीकडे जायची. घरगुती एक्सपीला मात्र मायक्रोसॉफ्टने सर्व्हिस पॅक २पासून चार जीबीच्या आतच बांधून घातलं. कारण वरचा पत्ता दिसला, की बरेच ड्रायव्हर बिथरायचे आणि मशीन कोसळायचं. निळ्या स्क्रीनपेक्षा पाऊण जीबीचं नुकसान परवडलं, हे मलाही मान्य. पण कुणाच्या तरी गबाळ्या ड्रायव्हरचा भुर्दंड गिऱ्हाइकाने भरायचा आणि बोलणी मी खायची, हा कुठला न्याय?

६४-बिट विंडोज टाकली की सुटलो, असंही नव्हे. इंटेलच्या ९४५ चिपसेटला दबलेली रॅम चार जीबीच्या वर सरकवताच येत नाही. तिथे कुठलीही विंडोज घाला, आकडा तोच. ९६५ला ते जमतं, फक्त बायोसमध्ये 'मेमरी रिमॅप' चालू हवं.

आता आठ जीबीच्या लॅपटॉपवर सहाच्या आसपास दिसली, तर बहुधा आतल्या ग्राफिक्सने वाटा उचललेला असतो. टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्हड' बघून घ्यावं. आकडा फारच मोठा वाटला, तर आधी एमएसकॉन्फिगमधली 'मॅक्सिमम मेमरी'ची टिक काढावी. 'स्पीड वाढतो' म्हणून कुणीतरी ती हमखास मारून ठेवतं. तेही नसेल, तर मशीन बंद करून रॅम उपसायची, सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसायच्या आणि दोन्ही खटके बसेपर्यंत दाबायची. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं. मग बिल किती लावायचं, ही पंचाईत.