बंद मोटरीचा विचार

विहीर खोल करायला काढली की दगडाच्या आधी पाण्याशी गाठ पडते. चैत्र-वैशाखात किल्लारीच्या शिवारात रानं मोकळी होतात, विहिरी तळाला जातात आणि क्रेनवाल्यांना बोलावणी सुरू होतात. आमच्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. मुरूम आणि पाषाणाच्या सांध्यातून पाझर सुटतो, तो भर उन्हाळ्यातही पुरता आटत नाही. रातोरात तळात कमरेएवढं पाणी साचतं आणि सकाळी माणसं उतरायच्या आत ते बाहेर काढावं लागतं. घरच्या मोटरीनं आवरत नाही, म्हणून दुसरी भाड्यानं आणतात. मोटरी दोन झाल्या तरी ओढ्यापर्यंत पाइप मात्र एकच जातो, कारण ओढा शेजाऱ्याच्या बांधापलीकडे असतो. एका पाइपाला शेजारी वाट देतो. दुसऱ्याचं नाव काढलं की जुना बांध, जुनी मोजणी, सगळं वर येतं.

दोन पाइप एकाला जोडणं तसं कुणालाही जमतं. दुकानातून टी आणली, सोल्युशन लावलं, घटकाभर वाळू दिलं. दोन्ही मोटरी सुरू केल्या की ओढ्यात जोरात धार पडते आणि काम झालं असं वाटतं. या धंद्यात इतकी वर्षं गेल्यावर मला मात्र त्या धारेचं काही वाटत नाही. मी आधी विचारतो, यातली एक बंद पडली तर? आमच्याकडे शेतीची वीज पाळीनं येते, आठवडा दिवसाचा, आठवडा रात्रीचा. मध्येच एक फेज जातो. गाळ ओढून एका मोटरीचा ओव्हरलोड उडतो, दुसरी चालू राहते. चालू मोटरीच्या पाण्यापुढे मग दोन वाटा असतात. एक ओढ्याची, लांब आणि चढाची. दुसरी बंद मोटरीच्या पाइपातून सरळ खाली विहिरीत. पाणी कुठली धरणार, हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

अशाच एका विहिरीवर गेलो होतो. जोड दुसऱ्या कुणी केलेला. घरचे मामा सकाळपासून काठावर बसून होते. म्हणाले, "मिस्तरी, मोटर चालू हाय, ओढ्यात धार बी पडायली. मग पाणी का हटंना?" घरची ओपनवेल मोटर पाण्यात घरघरत होती. भाड्याचा मोनोब्लॉक आतल्या कट्ट्यावर होता आणि त्याचा स्टार्टर उडालेला. मी कट्ट्यावर उतरलो आणि मोनोब्लॉकच्या मागच्या जाळीतून पाहिलं. मोटर बंद, पण पंखा फिरत होता, तोही उलटा. वरच्या टीमधून निम्मं पाणी परत येऊन पंपातून, सक्शनमधून खाली विहिरीतच पडत होतं. सक्शनच्या बुडाच्या फुटव्हॉल्व्हनं ते अडवायला हवं होतं, पण त्याच्या झडपेत मुरमाचा खडा अडकलेला. मामांचा पुतण्या स्टार्टरच्या बटणाकडे हात नेत होता, त्याला मी ओरडून थांबवलं. पंप उलटा फिरत असताना मोटर सुरू केली की शाफ्टला असा हिसका बसतो की तो पिळून तुटू शकतो. आधी चालू मोटर बंद केली, पंखा थांबू दिला, मग पुढचं.

फुटव्हॉल्व्ह असताना वर आणखी एक व्हॉल्व्ह कशाला, हा मला हमखास विचारला जाणारा प्रश्न. फुटव्हॉल्व्ह मोनोब्लॉकचं भरण टिकवायला असतो. तो गाळात बसतो, डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. उपशाच्या पाण्यात खडे, पालापाचोळा, दोऱ्या असतात. त्याच्या भरवशावर माणसं खाली सोडायची नाहीत.

आणि माणसं खाली असतात, हीच या कामातली खरी गोष्ट. आत माणसं असताना मोटर चालवू नये, यावर मी ठाम आहे. उपसा करा, मोटर बंद करा, मेनस्विच पाडा, मग उतरा. पण मोटर बंद झाली म्हणजे धोका संपला असं नाही. ११० मिलिमीटरच्या पाइपात दर शंभर मीटरला आठशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. लाइन चढाची असेल आणि मध्ये अडवणारं काही नसेल, तर त्या चढावरचं सगळं पाणी परत विहिरीकडे धावतं. ते नुसतं माणसांच्या अंगावर पडत नाही, बांधणीवरही पडतं. आमच्या जुन्या विहिरींची वरची बांधणी दगड-मातीची. तिच्यावर सारखं पाणी पडलं की सांध्यातली माती धुपते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात मातीत रचलेला दगड माणसावर पडला म्हणजे काय होतं, हे या गावानं पाहिलं. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. तेव्हापासून डोक्यावरच्या सैल दगडाबद्दल किल्लारीच्या माणसाला दोनदा सांगावं लागत नाही. विहिरीच्या पाइपाबद्दल मात्र सांगावं लागतं.

मी करतो ते असं. प्रत्येक मोटरीच्या पाइपावर, जोडाच्या आधी, स्वतंत्र एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह. जोडाच्या पुढे दोघांत मिळून एकच बसवला तर ओढ्याकडून येणारं पाणी अडेल, पण एकीचं पाणी दुसरीत जायचं ते जाईलच. व्हॉल्व्ह विहिरीच्या काठावर, हात पोचेल अशा जागी, दोन्ही बाजूंना युनियन देऊन. त्याच्या पुढे एक कॉक, म्हणजे एक बाजू खोलून साफ करताना दुसरी चालू ठेवता येते. गढूळ पाण्याला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह नको. साधी लोंबती झडप बरी, तिच्यातून खडा निघून जातो. आडव्या पाइपावर बसवताना झडपेची बिजागरी वरच्या अंगाला हवी आणि बाण पाण्याच्या दिशेला.

व्हॉल्व्ह असा वर बसवला की त्याच्या आणि पाण्यातल्या मोटरीच्या मध्ये हवा कोंडते, आणि सुरू झाल्यावर पंप नुसताच फिरत राहतो. त्यावर उपाय म्हणजे पंपाच्या थोडं वर, पाइपाला तीन मिलिमीटरचं एक भोक, तोंड खाली करून. हवा तिथून निघते. चालू असताना त्यातून बारीक चिळकांडी विहिरीत पडते आणि ती बघून मालकाचा जीव वरखाली होतो. एका ठिकाणी तर मालकानं त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळून ठेवली होती, गळती म्हणून. आता मी भोक पाडतानाच मालकाला जवळ बोलावतो.

जोडाला सरळ टी नको. दोन धारा समोरासमोर येऊन एकमेकींना ढकलतात आणि जिचा दाब कमी ती अडून राहते. एनआरव्ही असला तर तिची झडप उघडतच नाही. मोटर चालू, वीज जळते, पंपातलं पाणी तिथंच घुसळून तापतं. दुबळ्या मोटरीला जोरदार मोटर मदत करत नाही, हे लोकांना पटायला जड जातं. म्हणून वाय वापरायचा, तोही पाण्याच्या वाटेला धरून, आणि पुढचा पाइप मोठा घ्यायचा. ६३ च्या दोन असतील तर पुढे ९०, ७५ च्या दोन असतील तर ११०. एवढ्यात दोघींचं पाणी आधीच्याच वेगानं जातं. त्याच मापाचा पाइप पुढे नेला तर पाणी दुप्पट वेगानं न्यावं लागतं, आणि घर्षणात जाणारा दाब जवळजवळ चौपट होतो. पैसे वाचवायचे तर ते इथं वाचवू नयेत.

जमिनीला उतार असेल तर मात्र मी वाय जोडतच नाही. काठावर कट्टा करून त्यावर मोठा ड्रम ठेवतो, दोन्ही पाइपांची तोंडं ड्रमच्या काठावरून मोकळी सोडतो, आणि ड्रमच्या बुडातून एकच पाइप उतारानं ओढ्याला. पाणी हवेतून ड्रममध्ये पडलं की परत पाइपात चढायची त्याला सोयच राहत नाही. व्हॉल्व्ह अडकला काय, मोटर बंद पडली काय. ही अक्कल माझी नव्हे. मोटेच्या दिवसांत विहिरीवर हेच होतं. मोट वर येई, थारोळ्यात रिकामी होई आणि थारोळ्यातलं पाणी पाटाला लागे. एका विहिरीवर दोन मोटा असोत, चार असोत, एकीच्या पाण्यानं दुसरीला कधी मागं ढकललं नाही. साताऱ्याजवळ लिंबला अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर आहे. ती पाहायला जाणारे लोक खाली कोरीव काम बघतात. मी मोटांच्या जागा आणि पाणी पडायचं ठिकाण बघत राहिलो. बाराजणांचं पाणी एकत्र करायचं काम तिथं कुठल्याही झडपेशिवाय झालं आहे.

ओढ्याकडच्या टोकाचंही बघावं लागतं. ते टोक पाण्यात बुडालेलं ठेवलं आणि पाइप सगळा भरलेला असला, तर मोटर थांबल्यावर ओढ्याचं पाणी सायफनानं उलटं विहिरीत येऊ शकतं. वळवाच्या पावसानं ओढा चढला की हे हमखास आठवावं. टोक ओढ्याच्या पाण्याच्या वर, खडकावर मोकळं ठेवायचं. आणि शक्य असेल तर हे पाणी ओढ्यात सोडूच नये, असं मी मालकाला सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यातलं हे पाणी आहे. शेजाऱ्याचा ऊस किंवा आंब्याची रोपं वाटेत असतील तर पाइप तिथंच संपवावा. शेजारीही मग दुसऱ्या दिवशी वाट अडवत नाही.

जोड वाळला की मी तीनदा तपासतो. पहिली मोटर चालू, दुसरी बंद. दुसरीच्या बाजूचं व्हॉल्व्हखालचं युनियन खोलून बघायचं, पाणी ठिबकतंय का. मग उलट. तिसऱ्यांदा दोन्ही जोरात चालू असताना मेनस्विच पाडायचा आणि झडपा बसल्याचा आवाज ऐकायचा. एकच ठक आला तर दुसरी झडप अडकली आहे. आपटल्यासारखा धाडकन आवाज आला तर पाणी परत फिरून वेग घेईपर्यंत झडप बसलीच नाही. दोन हलके ठक ऐकू आले की क्रेनवाल्यांना सांगतो, उतरा. आणि मालकाला सांगतो, काम संपलं की दोन्ही व्हॉल्व्ह त्याच दिवशी काढून स्वच्छ धुवून ठेवा. काळ्या मातीचा गाळ झडपेवर वाळला, तर पुढच्या वर्षी ती उघडायला माझ्याकडेच आणावी लागेल.