आईची पिवळी बाटली

“संध्याकाळी मला बाटली लावायची आहे. येशील का बरोबर?” मेथी निवडता निवडता आईने विचारलं. जणू कोपऱ्यावरून दळण आणायचं होतं!

दिवाळीला मी माहेरी, भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये गेले होते. बाबा साठच्या दशकात वर्ध्याहून इथे आले ते पोलाद कारखान्यात नोकरी लागली म्हणून. रशियाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली भट्टी 1959 मध्ये पेटली. वर्धा-नागपूरकडची कितीतरी मराठी माणसं तेव्हा या नव्या गावात येऊन स्थिरावली. बाबा निवृत्त झाले. आता भाऊ कारखान्यात आहे, म्हणून क्वार्टर आहे आणि अंगणातला पेरूही आहे.

“कसली बाटली?” मी विचारलं.

“अगं, ताकदीची. पिवळी. महिन्यातून दोनदा लावून येते. दोन दिवस कसं हलकं वाटतं!”

वर्षभर हे चाललं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. फोनवर “बरी आहे” एवढंच ऐकायचं, नि आपण तेवढ्यावर समाधान मानायचं.

दवाखाना दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत तीन खाटा, भिंतीला खिळे, खिळ्यांना टांगलेल्या बाटल्या. एका खाटेवर ठेकेदाराकडचा मजूर, दुसऱ्या खाटेवर एक अशक्त तरुण मुलगी. कंपाउंडरने आईच्या बाटलीत एक ॲम्प्यूल सोडलं आणि पाणी हळदीसारखं पिवळं झालं. आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मी मात्र बाटलीवरचं लेबल वाचत होते. डेक्स्ट्रोज 5 टक्के. म्हणजे साखरेचं पाणी, आणि माझ्या आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे!

गंमत म्हणजे गेल्या वर्षी आमच्या कचेरीत मुंबईतल्या एका क्लिनिकचं निमंत्रण आलं होतं. मऊ खुर्च्या, मंद दिवे, आणि शिरेतून व्हिटॅमिन: थकव्याला एक बाटली, केसांना दुसरी, ‘कांती उजळायला’ तिसरी. मी ती पत्रिका हसून बाजूला टाकली होती. श्रीमंतांचे चोचले म्हणून हसावं, तर तीच बाटली आमच्या सेक्टर 2 मध्ये खिळ्याला लटकत होती.

परत आल्यावर मी हिशेब मांडला. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर डेक्स्ट्रोजमध्ये 25 ग्रॅम साखर असते. तिची ताकद साधारण एका केळ्याएवढी. साध्या सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली असेल तर त्यात फक्त साडेचार ग्रॅम मीठ. तो जादूचा पिवळा रंग ‘बी-2’ जीवनसत्त्वाचा. गरजेपुरतं शरीर ठेवून घेतं आणि उरलेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात, म्हणून बाटलीनंतर लघवी पिवळीजर्द होते. पैसे कुठे गेले ते डोळ्यांना दिसतं, म्हणा ना!

या फॅशनचं मूळ अमेरिकेत आहे. बाल्टिमोरचे डॉ. जॉन मायर्स शिरेतून मॅग्नेशियम, कॅल्शियम, ‘बी’ आणि ‘सी’ जीवनसत्त्वं देत. 1984 मध्ये ते वारले. त्यांचे रुग्ण पुढे डॉ. ॲलन गॅबी यांच्याकडे आले आणि त्यांनी ते मिश्रण ‘मायर्स कॉकटेल’ म्हणून प्रसिद्ध केलं. 2018 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा बाटल्या विकणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली, कारण मोठमोठे आजार बरे होतात या तिच्या दाव्यांना पुरावा नव्हता. ‘सी’ फार मोठ्या मात्रेत शिरेतून गेलं तर मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. ज्यांच्या रक्तात जी-6-पी-डी हे द्रव्य जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. खिळ्याला बाटली टांगण्यापूर्वी हे कोण तपासतं?

शिरेतून देणं म्हणजे फसवणूकच, असं मात्र नाही हं. आतड्याचं मोठं ऑपरेशन झालेला माणूस, उलट्यांनी पोटात काहीच न टिकणारी गर्भवती, वर्षानुवर्षं दारू पिऊन ‘बी-1’ संपलेला रुग्ण यांना ही बाटली जीवदान देते. पण आधी काय कमी आहे, हे शोधावं लागतं. ते शोधण्याचं एक नामी काम आपल्या मुंबईतच झालं. 1928 मध्ये डॉ. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज बाई इथे आल्या. गिरणगावातल्या गर्भवती बायकांचा पांडुरोग पाहून त्यांनी आहाराचा माग काढला. यीस्टच्या स्वस्त अर्काने या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी 1931 मध्ये दाखवून दिलं. त्यातलं द्रव्य म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फोलेट. तेही तोंडाने घ्यायचं!

मी आईला सेक्टर 9 च्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. बाबा कुरकुरले, “एवढ्याशा थकव्यासाठी?” डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो पायांचा. “पायांना मुंग्या येतात का?”

“येतात की! रात्री चपला घातल्यासारखं वाटतं,” आई म्हणाली. हे तिने आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं.

रक्तात बी-12 फार कमी निघालं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-12 नीट शोषलं जात नाही. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीनेही तेच होतं. त्यातून आई पक्की शाकाहारी, आणि दूध तर ती फक्त चहापुरतं घेते. बी-12 चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे तो संपतो तेही हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. वर्षभर आईच्या शिरेत काय काय गेलं, कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. साखरेचं पाणी गेलं, हे नक्की. आणि बाटलीने हलकं वाटतंय, म्हणून पायांची तक्रार वर्षभर घरातच राहिली. याचा मला खरा राग आला. दवाखान्याचा आलाच, पण माझाही.

उपाय निघाला छोटासा. लालचुटुक औषधाचं एक इंजेक्शन, दंडाच्या स्नायूत. आधी काही दिवस रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. नसा सुधारायला महिने लागतात आणि कधी थोडं राहूनही जातं, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं.

पहिलं इंजेक्शन घेऊन आई बाहेर आली ती हिरमुसलीच. “झालं? दोनच मिनिटांत?”

रात्री भांडी आवरताना तिने हळूच सांगितलं, “तिथे तासभर पडायला मिळायचं गं. डोक्यावर पंखा, कुणी हाक मारत नाही. मधून मधून ती नर्सही विचारायची, आजी, ठीक आहात ना?”

मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी ओट्याकडे पाहत होती. बाबा वर्तमानपत्रात होते.

आता दुपारी दोन ते तीन आईच्या खोलीचं दार लोटलेलं असतं आणि चहा बाबा करतात. त्यांच्या चहात साखर जरा जास्त पडते, असं ऐकते. परवा फोनवर आई म्हणाली, मुंग्या कमी आहेत, जिने चढवतात. मी बाटलीचं विचारलं.

“छे गं, आता नाही जात,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “शेजारच्या काकू मात्र जातात. सोबतीला चला म्हणतात.”