मुरुमाखालची माती

शीळफाटा हे गावापेक्षा वाटांचे नाव म्हणूनच अधिक परिचित आहे. मुंब्रा, पनवेल, कल्याण आणि महापे येथून येणारे रस्ते येथे एकमेकांस भेटतात. जिथे वाहने तिथे गॅरेज, आणि जिथे गॅरेज तिथे काळे तेल. सांडलेल्या पेट्रोलचा हलका अंश उडून तरी जातो. इंजिनातले जड तेल मात्र मातीच्या कणाकणाला चिकटून बसते. मग त्या मातीत हवा खेळत नाही, पाणी मुरत नाही आणि बीजही रुजत नाही.

येथून जवळच, दिवा येथे ठाणे महापालिकेची कचराभूमी होती. ती २०२३ मध्ये बंद झाली. धूर आणि दुर्गंधी सोसलेल्यांना हायसे वाटले, ते योग्यच होते. परंतु कचराभूमी बंद होणे वेगळे आणि तिथली माती शुद्ध होणे वेगळे. परिचयातील एका गॅरेजवाल्याने मला एकदा विचारले, “फादर, वर दोन फूट मुरूम टाकला की झाली ना जमीन साफ?” प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो एकट्या त्याचाच नव्हता. झाकले म्हणजे मिटले, असे आपण सारेच मानतो. पाऊस तसे मानीत नाही. त्याचे पाणी खाली झिरपते आणि मातीत दडलेले सारे विहिरीकडे, खाडीकडे घेऊन जाते.

तेलकट मातीवर उपाय आहे. तेल हेच ज्यांचे अन्न, असे जीवाणू निसर्गात आहेत. दिल्लीच्या ‘टेरी’ या संस्थेने अशा पाच प्रकारच्या जीवाणूंचे ‘ऑइलझॅपर’ नावाचे मिश्रण तयार केले. मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाची भुकटी हे त्याचे वाहन. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर होऊन समुद्रात तेल पसरले, तेव्हा किनारा स्वच्छ करण्यासाठी त्याचा उपयोग झाला. रीत शेतकऱ्याला उमगेल अशीच आहे. तळाशी अस्तर घातलेल्या खड्ड्यात माती पसरावी, जीवाणू व खत मिसळावे, ओल राखावी आणि हवा मिळावी म्हणून वरचेवर नांगरावे. काही महिन्यांत तेलाचा मोठा अंश पाणी आणि वायू होऊन जातो. तेल संपले की जीवाणूही मरतात.

मात्र शिसे आणि इतर जड धातू जीवाणूंना पचत नाहीत. म्हणून आधी मातीची तपासणी हवी. घरे, शाळा, मैदाने त्यानंतर. ती माती उकरून दुसऱ्या गावाच्या वेशीवर टाकणे हे शुद्धीकरण नव्हे. ते केवळ दुःखाचे स्थलांतर होय.

वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे, असे २०१६ चे घातक कचरा नियम सांगतात. गॅरेजवाल्यास मी इतकेच म्हटले, “गाडीखाली एक पत्र्याची ताटली ठेवा, तेल पिंपात साठवा.” शेजारधर्माचा आरंभ इतक्या लहान गोष्टीपासूनही होऊ शकतो, कारण आपल्या मुरुमाखालून जे पाणी वाहते, ते शेजाऱ्याच्याच विहिरीत उतरते.