श्रेय आणि कर्तृत्व

मेक्सिकन कादंबरीकार गिलेर्मो आरिआगा आणि दिग्दर्शक आलेहान्द्रो गोन्सालेस इन्यारितू यांनी ‘आमोरेस पेरोस’ (२०००), ‘२१ ग्रॅम्स’ (२००३) व ‘बाबेल’ (२००६) हे चित्रपट मिळून घडविले. एका आघाताने जोडली गेलेली अनोळखी आयुष्ये हे या त्रयीचे सूत्र. श्रेयनामावलीत लेखक म्हणून आरिआगांचे नाव होतेच. वाद होता तो कर्तृत्वाचा. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता, ही फ्रेंच समीक्षेने रुजविलेली धारणा त्यांना अमान्य होती. उलट, सारे श्रेय ते स्वतःकडे घेतात, असा ठपका इन्यारितू व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जाहीर पत्राद्वारे ठेवला. रचना शब्दांत जन्मली की दृश्यांत, याचा निवाडा श्रेयनामावली करू शकत नाही. संवाद हरवलेल्या माणसांच्या ‘बाबेल’पाशीच हे सहलेखन थांबावे, हा केवढा दैवदुर्विलास!